कोरड्या अंगणातला पवन्या

ऑक्टोबर महिना सरत आला की आपल्या धर्मग्रामात घरोघरचे विळे, खुरपी आणि कुदळी बाहेर निघतात. २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्या दिवशी आपल्या माणसांच्या कबरींवर फुले वाहावयाची, मेणबत्त्या लावावयाच्या, तेव्हा दफनभूमी स्वच्छ असावी असे प्रत्येक घराला वाटते आणि ते योग्यच आहे. परंतु या स्वच्छतेच्या भरात दरवर्षी आपल्या हातून एक नुकसान होते आणि ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. पुढच्या पावसाळ्यात ज्या गवताने आपली जमीन धरून ठेवावयाची, त्याचे बी नेमके याच दिवसांत पिकत असते. ते पिकण्याआधीच आपण गवत कापतो, त्याचा ढीग करतो आणि पेटवून देतो.

शेती व आरोग्याच्या या पानावर यावेळी आम्ही त्या गवताविषयी लिहिणार आहोत. त्याचे नाव पवन्या. काही गावांत त्याला पवना म्हणतात. ते विकत आणावे लागत नाही, त्याला पाणी घालावे लागत नाही आणि खत घातले तर फायद्याऐवजी तोटाच होतो. असे हे माळरानाचे गवत चर्चच्या आवारात, घराच्या परड्यात किंवा शेताच्या बांधावर मुद्दाम कसे वाढवावे, हे आम्ही सांगणार आहोत. हे शहाणपण आम्हाला पुस्तकातून आलेले नाही. आम्ही अगोदर चूक केली आणि मग शिकलो. तेव्हा सुरुवात त्या चुकीपासूनच करणे बरे.

आमची चूक

आमचे धर्मग्राम बेळगाव जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरड्या पट्ट्यात आहे. आपल्या जिल्ह्याची तऱ्हाच निराळी. पश्चिमेला खानापूरच्या रानात पाऊस थांबता थांबत नाही आणि पूर्वेला गोकाक, अथणीकडे जावे तसतसा तो आटत जातो. २०१३ साली आमची येथे नेमणूक झाली, तेव्हा चर्चच्या मागे दफनभूमीपर्यंत उतरत जाणारी सुमारे पंधरा गुंठे मुरमाड जागा होती. पावसाळ्यात तिच्यावर गुडघ्याच्या वर गवत माजे आणि दिवाळीनंतर ते वाळून पिवळे पडे. शहरातून आलेल्या आमच्या डोळ्यांना तो गबाळेपणा वाटला. आम्ही जेसीबी लावून ती जागा खरवडून सपाट केली, वर तांबडी माती पसरली आणि रोपवाटिकेतून हिरवळीच्या चटया आणून अंथरल्या.

पहिले काही महिने हिरवळ दृष्ट लागण्यासारखी दिसली. मार्चमध्ये विहीर तळाला गेली. एप्रिलमध्ये टँकर मागवावा लागला. एका रविवारी मिस्सानंतर आम्ही पाहिले, की नळीतून हिरवळीवर पाणी पडत आहे आणि आपल्याच धर्मग्रामातील एक माउली रिकामी घागर कडेवर घेऊन ते पाहत उभी आहे. तिने मागितले काहीच नाही. आम्ही पुढे होऊन तिची घागर भरून दिली आणि त्याच दिवशी हिरवळीचे पाणी बंद केले. मेअखेर सगळ्या चटया करपून गेल्या.

पुढे मृगाचा पाऊस उघड्या जमिनीवर आदळला. विकत आणलेली तांबडी माती पहिल्या दोन पावसांतच रस्त्यावर वाहून गेली. उतारावर हातभर खोल ओघळ पडले आणि दोन कबरींच्या कडा उघड्या पडल्या. त्यामागून आले गाजर गवत. ऑगस्टमध्ये सगळा उतार त्याच्या पांढऱ्या फुलांनी भरला. ते उपटण्याचे काम ज्याच्याकडे होते, त्या आमच्या मदतनिसाच्या हातांवर आणि मानेवर पुरळ उठले. बिचाऱ्याला दोन महिने औषध घ्यावे लागले.

त्याच सुमारास धर्मग्रामातील एक वयस्कर आजी आपल्या यजमानांच्या कबरीपाशी आल्या होत्या. ओघळांकडे बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, "फादर, हितं पवन्या व्हायचा की. आमच्या ह्यांनी हितलंच गवत नेऊन म्हस जगवली. तुमी त्येचं बीच उचलून टाकलासा."

आम्ही म्हणालो, "आजी, गवतच ते. पाऊस पडला की येईल आपोआप."

"कुटनं येतंय? पेरल्याबिगर जोंधळा येतोय काय?"

सेमिनरीत आम्ही पुष्कळ वर्षे शिकलो, पण हा साधा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता.

पवन्या ओळखावा कसा

माळावरचे सगळे गवत लांबून एकसारखे दिसते. जवळ जाऊन पाहिले तर प्रत्येकाचा चेहरा वेगळा. पवन्या सरळ उभा वाढतो. त्याच्या काडीच्या टोकाला एकच, बोटाएवढे कणीस येते. मारवेलीसारखी चार-पाच बोटे एकत्र येत नाहीत. कणसातील दाण्यांना लांब कुसे असतात. कुसळी गवताची कुसे काळपट असून पिकल्यावर एकमेकांत गुंतून त्यांचा झुपका होतो. तसा झुपका पवन्याचा होत नाही. हीच मोठी खूण.

शास्त्रीय भाषेत त्याला सेहिमा सल्केटम म्हणतात. यातील दुसऱ्या शब्दाने आम्हाला आमच्या लॅटिनच्या तासांची आठवण झाली. लॅटिनमध्ये 'सुल्कुस' म्हणजे नांगराने ओढलेला तास. पवन्याचा एक दाणा तळहातावर घेऊन पाहा. त्याच्या टरफलाच्या पाठीवर उभी खोल खाच दिसते, जणू एवढ्याशा दाण्यावर कोणी नांगर फिरवला आहे. नाव ठेवणाऱ्याने नीट पाहून ठेवलेले आहे.

आपल्या भागातील गवतांचा अभ्यास फार पूर्वी झालेला आहे आणि त्यात एका धर्मगुरूचा मोठा वाटा आहे. फादर एथेलबर्ट ब्लाटर हे स्वित्झर्लंडमध्ये १८७७ साली जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत. चार्ल्स मॅक्कॅन यांच्याबरोबर त्यांनी मुंबई इलाख्यातील गवतांवर मोठा ग्रंथ लिहिला. तो १९३५ साली निघाला, परंतु तो पाहावयास फादर ब्लाटर नव्हते. १९३४ सालीच ते देवाघरी गेले. बेळगाव जिल्हा त्या वेळी मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे आपल्या बांधावरची गवतेही त्यांच्या अभ्यासाच्या कक्षेत होती. त्यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह त्या महाविद्यालयात आजही आहे. गवताकडे वाकून पाहणे हे धर्मगुरूला कमीपणाचे नाही, एवढा धीर आम्हाला त्यांच्यामुळे आला.

पुढे १९७३ साली देशभरच्या गवताळ जमिनींची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात भारतातील गवतांचे पाच मुख्य प्रकार मांडले आहेत. आपल्या दख्खनच्या माळांचा प्रकार शेडा आणि मारवेल यांच्या नावाने ओळखला जातो. शेडा हा पवन्याचा सख्खा भाऊ म्हणावा. फरक एवढाच, की शेडा एकाच मुळावर वर्षानुवर्षे फुटतो आणि पवन्या एका पावसाळ्याचा धनी. चराई बेताची असेल तेथे शेडा आणि मारवेल टिकतात. चराई वाढली, जमीन खरवडली गेली, की ही बहुवर्षायू गवते हटतात आणि त्यांच्या जागी वर्षायू गवते येतात. वर्षायूंतही जनावराने खाल्लेली संपतात आणि न खाल्लेली कुसळे तेवढी उरतात. आपल्या गावचे गायरान या नजरेने एकदा पाहून यावे, म्हणजे ते कोणत्या पायरीवर आहे हे कळेल.

एका वर्षाचे आयुष्य

पवन्या वर्षायू आहे ही गोष्ट नीट समजली, तर त्याच्या लागवडीतील निम्मे काम समजले असे समजावे. जूनमध्ये पाऊस लागला की बी रुजते. जुलै-ऑगस्टमध्ये पाने वाढतात. हस्ताच्या पावसापर्यंत कणसे बाहेर पडतात. त्यापुढे दाणा भरतो, पिकतो आणि गळतो, आणि थंडी पडेपर्यंत सगळे झाड मुळासकट मरते. मारवेल कापली तरी तिचे मूळ जमिनीत जिवंत असते आणि पुढच्या वर्षी ते फुटते. पवन्याचे तसे नाही. त्याचे सगळे पुढचे वर्ष त्या गळलेल्या बियांत असते. बी गळण्याआधी विळा चालविला, म्हणजे आपण पुढच्या वर्षीचे गवत कापले.

बी गळल्यावर ते आपली सोय आपणच पाहते. दाण्याच्या कुसाला पीळ असतो. हवा दमट झाली की पीळ सुटतो, कोरडी झाली की पुन्हा बसतो. या फिरण्याने दाणा हळूहळू मातीच्या भेगेत शिरतो. मुलांना हे अवश्य दाखवावे. वाळलेला दाणा ओल्या तळहातावर ठेवला तर कुस फिरू लागते आणि मुले आनंदाने ओरडतात.

ताजे बी लगेच रुजत नाही, त्याला काही महिने विश्रांती लागते. ही देवाने केलेली तजवीज आहे. नोव्हेंबरात एखादी अवकाळी सर आली आणि सगळे बी त्याच वेळी रुजले, तर पुढच्या कोरड्या महिन्यांत सगळे मरून जाईल. उन्हाळ्यानंतरही सगळे बी एका पावसात रुजत नाही. वळवाच्या सरीला फसून काही रोपे मरतात, काही बी मागे राहते आणि मृगाच्या पावसाला उठते. मात्र हे मागे राहिलेले बी जमिनीत फार वर्षे टिकेल अशा भरवशावर राहू नये. लागोपाठ दोन-तीन वर्षे बी गळू दिले नाही, तर माळ रिकामा होतो. आमच्या जेसीबीने तर वरच्या मातीबरोबर सगळा साठाच उचलून नेला होता.

बी धरणे

आमच्या उतारावरचा पवन्या संपला असला तरी गावाच्या एका कुंपणाकडेला आणि दोन शेतांच्या बांधांवर तो होता. आजींनीच जागा दाखविल्या. मालकांना विचारून आम्ही ऑक्टोबरच्या अखेरीस व नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बी धरले. त्यातून शिकलेल्या गोष्टी अशा :

१. कणसावरून हात हलकेच वर ओढावा. दाणे आपोआप हातात आले तर ते पिकले. ओढावे लागले तर चार दिवसांनी पुन्हा जावे.

२. एका जागेचे सगळे बी कधीही घेऊ नये. निम्म्याहून अधिक तेथेच गळू द्यावे. दुसऱ्याचा बांध ओसाड करून आपले अंगण भरावयाचे, हा व्यवहार बरा नव्हे.

३. दव उडाल्यावर, दुपारी बी धरावे. दोन-तीन दिवस सावलीत पसरून वाळवावे आणि कापडी पिशवीत घालून टांगून ठेवावे. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा राहून बी कुजते. उंदरांपासून जपावे.

४. शक्यतो आदल्या हंगामाचेच बी पेरावे. जुन्याचा भरवसा कमी.

पेरणे

पहिल्या वर्षी आम्ही पुन्हा चुकलो. जोंधळा पेरतात तसे दोन बोटे खोल बी टाकले आणि वर माती ओढली. त्यातून मोजकीच रोपे वर आली. गवताचे बी हलके; त्याच्या पोटात शिदोरी थोडी. ते एवढ्या खोलातून वर येऊ शकत नाही. दुसऱ्या वर्षी पद्धत बदलली, ती अशी.

मेच्या अखेरीस, मृगाच्या आधी, जमीन दाताळ्याने नुसती खरवडावी. नांगरू नये, कुदळू नये. बी हातावर चोळून कुसे मोडावीत, नाहीतर ती एकमेकांत गुंतून एकाच जागी पडतात. नंतर बियांच्या चौपट चाळलेली कोरडी माती मिसळावी आणि उताराला आडव्या ओळींत विस्कटावे. एका गुंठ्याला कुसांसकट धरलेले बी आम्ही दोन-तीन ओंजळी घेतो. वरून पायाने हलके दाबावे. माती फार तर नखभर यावी. मुंग्या बी ओढून नेतात, म्हणून पेरणी फार आधी करू नये. कोंबड्या आणि शेळ्या यांसाठी बाभळीच्या काटेरी फांद्या महिनाभर टाकून ठेवाव्यात. त्यांची विरळ सावलीही रोपांना मानवते.

शेणखत वा युरिया टाकण्याचा मोह होईल, तो आवरावा. पवन्या हलक्या, मुरमाड जमिनीचा आहे. खत टाकले की त्याचा लाभ गाजर गवत आणि इतर माजोरी तण अगोदर घेतात. पाणीही घालावयाचे नाही. पाऊस लांबला आणि रोपे सुकली तरी धीर धरावा, मागे राहिलेले बी उठते.

पहिला महिना खुरपे हातात घेऊ नये. कोवळ्या वयात पवन्या आणि इतर गवते यांत फरक कळत नाही. शुभवर्तमानातील निदणाचा दाखला आपल्याला ठाऊकच आहे. तो सांगणाऱ्याला शेतीची माहिती चांगली होती. फक्त रुंद पानांचे गाजर गवत तेवढे, फुलण्याआधी, हातमोजे घालून उपटावे. आमच्या उतारावर पहिल्या वर्षी ठिपके ठिपके उगवले, दुसऱ्या वर्षी पट्टे झाले, आणि तिसऱ्या वर्षी, म्हणजे २०१७ साली, ओघळांच्या कडा झाकल्या गेल्या.

ज्यांना नुसते गवत ओकेबोके वाटते त्यांनी त्यात कुर्डू आणि तेरडा यांचे बी मिसळावे. दोन्ही पावसावर येतात, आणि कुर्डूच्या कोवळ्या पानांची भाजीही होते. कडेला तरवडाची आणि कोरफडीची ओळ लावली की बिनपाण्याची बाग झाली. उन्हाळ्यात ती वाळलेली दिसेल. कोरड्या मुलखात बागेने चार महिने हिरवे आणि बाकीचे महिने पिवळे असावे, यात लाज वाटण्याचे कारण नाही. मुनिया आणि चिमण्या त्या पिवळ्या गवतातच दाणे टिपतात.

विळा केव्हा चालवावा

येथे खरा पेच आहे. जनावरांना गवत फुलोऱ्यात असताना कापलेले चांगले. दाणा पिकला की काडी कडक होते आणि तिच्यातील सत्त्व कमी होते. बी हवे तर थांबावे लागते, चारा हवा तर थांबून चालत नाही. आम्ही यावर तीन हिश्श्यांचा तोडगा काढला आहे. दोन हिस्से फुलोऱ्यात कापून चाऱ्याला द्यावयाचे. तिसरा हिस्सा नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उभा ठेवावयाचा, आणि कापल्यावर त्या पेंढ्या रिकाम्या दोन हिश्श्यांवर झटकावयाच्या. दरवर्षी हा राखीव हिस्सा बदलावयाचा. आमच्या उतारावरचा चारा आता धर्मग्रामातील दोन घरांच्या जनावरांना जातो.

ज्यांना एकरभर पडीत जमिनीवर चाऱ्यासाठीच गवत हवे आहे, त्यांनी शेडा किंवा मारवेल यांसारखी बहुवर्षायू गवते लावणे अधिक फायद्याचे. त्यासाठी झाशीच्या भारतीय चारा संशोधन संस्थेचे केंद्र आपल्याजवळ धारवाडला आहे. तेथे चौकशी करावी. पवन्या हा अंगणाचा, बांधाचा आणि उघड्या पडलेल्या जागेचा सोबती. त्याचा गुण हा, की पहिल्याच पावसाळ्यात तो जमीन झाकावयास लागतो आणि मेल्यावर त्याची मुळे कुजून जमिनीत बारीक वाटा करून जातात, त्यांतून पुढच्या वर्षीचे पाणी खाली मुरते.

आरोग्याच्या चार गोष्टी

गाजर गवत : हे परदेशी तण १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेत भरले आणि पाहता पाहता देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेला खाज सुटते, पुरळ उठते. त्याच्या परागांनी काहींना शिंका आणि दमा होतो. एक झाड हजारो बिया टाकते आणि त्याला उघडी, खरवडलेली जमीन फार आवडते. जमीन देशी गवताने झाकलेली ठेवणे हा त्यावरचा चांगला इलाज. तणनाशक फवारले तर दोन महिन्यांनी जमीन पुन्हा उघडी, आणि घरात विषाची बाटली मात्र कायमची. तशी बाटली घरात असलीच तर कुलपात ठेवा, आणि ते औषध कधीही सरबताच्या वा दारूच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवू नका.

शिंका आणि खोकला : गवताच्या परागांचाही काहींना त्रास होतो. ज्यांना दमा आहे त्यांनी फुलोऱ्याच्या दिवसांत कापणीला जाऊ नये. गेल्यास नाकातोंडाला ओले फडके बांधावे. गवत पुरते वाळल्याशिवाय गंजी रचू नये. ओल्या गंजीत बुरशी धरते. तिची धूळ छातीत गेली की काही तासांनी ताप, थंडी, खोकला आणि धाप लागते. वारंवार असे झाल्यास फुफ्फुसाला कायमची इजा होते. हा साधा सर्दी-ताप नव्हे. डॉक्टरांना गंजीचे काम केल्याचे अवश्य सांगावे.

साप : घोणस आणि फुरसे आपल्या कोरड्या भागात आहेत. म्हणून घराच्या भिंतीपासून आणि वाटेच्या दोन्ही बाजूंनी चार-पाच फूट गवत बारीक कापलेले असावे. रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नये. दगडविटांचे ढीग आणि सांडलेले धान्य उंदीर आणते, आणि उंदरामागे साप येतो. दंश झालाच तर चिरू नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. माणसाला धीर देऊन, न चालविता, थेट सर्पदंशावरची लस असलेल्या रुग्णालयात न्यावे.

आग : नोव्हेंबरनंतर वाळलेले गवत एका ठिणगीने पेटते. राखीव हिस्सासुद्धा बी गळल्यावर कापून घ्यावा आणि कडेने सहा-सात फुटांचा मोकळा पट्टा ठेवावा. कापलेले गवत पेटवू नये. जनावर नसेल तर झाडांच्या बुंध्याशी पसरावे.

२ नोव्हेंबरचा प्रश्न

आता पुन्हा दफनभूमीकडे वळू. २०१७ सालच्या स्मरणदिनी मुंबईहून एक कुटुंब आले होते. उतारावरचे उभे गवत पाहून त्यातील थोरले बंधू आम्हाला म्हणाले, "फादर, आमच्या आईच्या कबरीभोवती गवत माजलंय. साफ करायला पॅरिशला माणसं मिळत नाहीत काय?" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. त्या क्षणी पाऊस, माती आणि बियांच्या गोष्टी सांगणे आम्हाला प्रशस्त वाटले नाही. आपल्या आईची आठवण ठेवणाऱ्या माणसाला गवताचा उपदेश करावयाचा नसतो. आम्ही क्षमा मागितली.

चूक आमचीच होती. आम्ही गवत राखले, पण ते का राखले हे कोणाला सांगितले नव्हते. शिवाय मेणबत्त्यांच्या दिवशी कबरींना लागून वाळके गवत ठेवणे धोक्याचेच होते. पुढे धर्मग्राम मंडळात बसून सर्वांच्या संमतीने असे ठरले : प्रत्येक कबर, तिच्याभोवतीची दोन फूट जागा आणि सर्व वाटा स्मरणदिनाच्या आठवडाभर आधी हाताने स्वच्छ करावयाच्या. मेणबत्त्या काचेच्या पेल्यात किंवा मातीच्या पणतीतच लावावयाच्या. कबरींच्या ओळींमधले पट्टे आणि मागचा उतार मात्र बी गळेपर्यंत तसाच ठेवावयाचा. ऑक्टोबरच्या अखेरच्या दोन रविवारी ही गोष्ट मिस्साच्या शेवटी सर्वांना सांगावयाची, आणि बाहेरगावच्या कुटुंबांना आधी कळवावयाचे.

सर्वांचे समाधान झाले असे आम्ही म्हणणार नाही. मुंबईच्या त्या कुटुंबाने आईच्या कबरीभोवती फरशी बसवून घेतली आणि त्यांच्या इच्छेचा मान आम्ही ठेवला. काही जण अजूनही म्हणतात, की गवत ते गवतच. पण त्यानंतर त्या उतारावर नवा ओघळ पडलेला नाही आणि कोणा कबरीची कड उघडी पडलेली नाही. ज्या आजींनी आम्हाला पेरणीचा प्रश्न विचारला होता, त्या आता आपल्या यजमानांशेजारी तेथेच विसावल्या आहेत.

म्हणून आमची एवढीच विनंती : यंदा आपले परडे, बांध किंवा शाळेचे मैदान साफ करण्याआधी गवताच्या एका कणसावरून हात फिरवून पाहावा. दाणे हातात आले नाहीत, तर निदान एक कोपरा पंधरा दिवस राहू द्यावा.

ज्यांना पवन्याचे बी हवे असेल, त्यांनी नोव्हेंबरच्या चौथ्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर चर्चच्या मागच्या दाराशी यावे. बी मोफत आहे. पिशवी घरून आणावी आणि ती कापडाची असावी.